वाट आणि वाटा

नाशिकहून मालेगावकडे जाणारा मुंबई-आग्रा मार्ग चांदवडपाशी सातमाळ्याची डोंगररांग ओलांडतो. ह्या रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेले पाणी गोदावरीला मिळते, तर उत्तर उतारावरचे गिरणेला. दोन खोऱ्यांना जोडणारी ही वाट फार जुन्या काळापासून वाहती आहे. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव, गावात होळकरांचा रंगमहाल आणि घाटाच्या तोंडाशी रेणुकादेवीचे देऊळ, असे चांदवडचे रूप आहे. रंगमहालाच्या भिंतींवरील रंगीत चित्रे पाहण्यास लोक लांबून येतात. येथल्या टांकसाळीत पडणारा ‘चांदवडी रुपया’ एके काळी दूरवर चालत असे. परंतु ह्या पाठात आपणांस महालही पाहावयाचा नाही आणि नाणेही नाही. आपणांस पाहावयाची आहे ती वाट.

अठराव्या शतकात अशा वाटेने प्रवास करणे म्हणजे जिवाशी खेळ असे. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य व कापूस लादून तांडे निघत. यात्रेकरू, व्यापारी, लेकुरवाळ्या बाया, सारी पायीच चालत. गाव होते तोवर कोणास भीती नसे. गाव मागे पडले, पुढचे अजून दिसेना, दोहोंकडे झाडी आणि मध्ये वळणाची चढण, अशी जागा आली की लोक एकमेकांना धरून चालू लागत. वाटमारी व्हायची ती तेथेच.

ती तेथेच का व्हावी? लुटणारा माणूस काही रानात उगवत नाही. तोही कोणत्या तरी वस्तीतच राहतो. पण वस्तीत त्याला ओळखणारे दहा जण असतात. हाक मारली तर दार उघडणारे असतात. ओसाड जागी हाक ऐकणारा कोणी नसतो. शिवाय ती जागा कोणाचीच नसते, म्हणून तेथे काय घडले ह्याचा जाब देण्यास कोणी बांधलेला नसतो. आणि एकदा का जागेची भीती बसली, की भले लोक ती टाळू लागतात. भले लोक येईनासे झाले, म्हणजे ती आणखीच ओसाड होते. भीतीने ओसाडी वाढते आणि ओसाडीने भीती. हे चक्र रानातल्या खिंडीत जसे चालते, तसेच भर शहरातील पडक्या वाड्याच्या आवारातही चालते.

हे चक्र मोडण्याचा एक उपाय सर्वांना चटकन सुचतो. चौकी बसवावी, शिपाई ठेवावेत, चोर सापडला की शिक्षा करावी. हा उपाय खोटा नाही. पण अपुरा आहे. शिपाई चौकीपुरते पाहू शकतो. वाट तर कोसच्या कोस असते.

चांदवड ज्यांच्या राज्यात होते, त्या अहिल्याबाई होळकरांनी ह्या प्रश्नाकडे अधिक खोलवर पाहिले. नगरजवळच्या चौंडी गावी १७२५ साली जन्मलेल्या ह्या स्त्रीने पती, सासरे व पुत्र ह्यांच्या मृत्यूनंतर १७६७ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, तो चालविला. त्यांनी बांधलेली देवळे व घाट आपण ऐकून असतो. काशी, वेरूळ, महेश्वर ही नावे सर्वांच्या ओठी असतात. परंतु दोन तीर्थांच्या मधल्या ओसाड टापूंकडेही त्यांचे तितकेच लक्ष होते, ह्याची आठवण क्वचितच केली जाते. वाटेवर विहिरी खणल्या, बारवा बांधल्या, धर्मशाळा उभारल्या. बारव म्हणजे पायऱ्यांनी आत उतरता येणारी विहीर. पोहरा-दोर जवळ नसलेल्या वाटसरूसही तिचे पाणी मिळते. उन्हाळ्यात वाटेवर पाणी पाजण्यास माणसे नेमलेली असत. नांगर ओढणाऱ्या बैलांनाही ती भर दुपारी पाणी पाजीत आणि पाखरांनी दाणे टिपावे म्हणून उभी पिके विकत घेऊन राखली जात, असे सर जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने जुन्या लोकांकडून ऐकून १८२३ साली लिहून ठेवले आहे.

हा केवळ दानधर्म होता असे समजू नये. जेथे पाणी, तेथे तांडा थांबतो. तांडा थांबला की तेथे चणे-फुटाणे विकणारा येतो, बैलाला नाल ठोकणारा येतो, रात्री चूल पेटते. धर्मशाळेच्या कोनाड्यात दिवा लागतो. काल जी जागा कोणाचीच नव्हती, ती आज चार लोकांच्या पोटापाण्याची होते. असे झाले की तिच्यावर नजर ठेवण्यास निराळा पहारेकरी लागत नाही.

पण ह्याहून अवघड काम पुढेच होते. विंध्य-सातपुड्याच्या डोंगरांतून जाणारे तांडे लुटले जात, आणि त्याचा दोष भिल्लांवर येई. आता भिल्लांची बाजूही ऐकली पाहिजे. ते डोंगर त्यांचे होते. त्यांच्या वाडवडिलांपासून तेथून जाणाऱ्या मालावर काही देणे घेण्याचा आपला हक्क आहे, असे ते मानीत. राज्ये आली, गेली. वाटा व्यापाऱ्यांच्या झाल्या, जकात राजांची झाली आणि ज्यांच्या दारातून माल जाई त्यांच्या हाती काहीच उरले नाही. अहिल्याबाईंनी आरंभी सामोपचाराने पाहिले. त्याने भागेना तेव्हा कठोर उपाय केले, आणि काही हट्टी म्होरक्यांना देहदंडही झाला. हेही लपविण्याचे कारण नाही. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अगदी किरकोळ कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला. ह्या करास ‘भिलकवडी’ म्हणत. त्याच्या मोबदल्यात भिल्लांनी दोन गोष्टी पत्करल्या. वाट निर्धोक राखावयाची, आणि आपल्या हद्दीत चोरी झालीच तर माल शोधून द्यावयाचा. पडीक जमिनी कसण्यासाठी त्यांना देण्यात आल्या.

ह्या करारात किती शहाणपण आहे ते पाहा. व्यापाऱ्याला सारी गोणी गमावण्यापेक्षा एक कवडी देणे परवडते. भिल्लाला एकदा तांडा लुटून मिळणाऱ्या मालापेक्षा, रोज तांडे येत राहिले तर मिळणारी कवडी अधिक लाभाची ठरते. तांडा लुटला तर वाट बंद पडेल आणि कवडीही बुडेल, म्हणून वाट वाहती राहावी असे आता त्यालाच वाटू लागते. ज्याला वाटेत वाटा मिळाला, तो वाटेचा राखणदार झाला.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित नव्हती. गावगाड्यात रामोशी किंवा जागल्या असे, तो ह्याच तत्त्वावर. खानदेशात व त्याला लागून असलेल्या भागात जागल्याचे काम पुष्कळदा भिल्लांकडे असे. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढी. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला, म्हणजे शोधाची जबाबदारी त्या गावावर जाई. मग ते गाव आपल्या जागल्याला उठवी. अशा रीतीने एकाही इंच जमिनीबद्दल ‘ही आमची नव्हे’ असे म्हणण्याची सोय उरत नसे. ह्या कामाबद्दल जागल्याला धान्याचा हक्क मिळे.

तो हक्क बुडाला तेव्हा काय झाले, हे ह्याच भागाच्या इतिहासात वाचावयास मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युद्धे आणि १८०३-०४ चा दुष्काळ ह्यांनी खानदेश उद्ध्वस्त झाला. गावे उठली. जागल्यांना धान्य देणारे कोणी राहिले नाही. पहारा करणारे हातच मग लुटीस निघाले. अशा वेळी १८०४ मध्ये पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण ह्याने चांदवडच्या दक्षिणेस असलेल्या कोपरगावी पुष्कळ भिल्लांना विश्वासाने बोलावून घेतले आणि दगा करून मारले. त्यांना विहिरींत टाकण्यात आले. बंदोबस्त झाला असे त्याला वाटले असावे. पण शांतता काही महिनेच टिकली आणि पुढे कैक वर्षे तो मुलूख पेटलेला राहिला. अहिल्याबाईंची माणसे वाटसरूंसाठी विहिरी खणीत होती, त्याला फार काळ लोटला नव्हता. विहीर तीच, पण तिने जोडलेला विश्वास एकीकडे आणि तिच्यात बुडविलेला विश्वास दुसरीकडे. पुढे इंग्रजी अमलात, १८२५ साली, भिल्लांना जमिनी व तगाई देणे आणि त्यांचीच पलटण उभारून तिच्याकडे बंदोबस्त सोपविणे हा मार्ग घेण्यात आला. इंग्रजांनी ते स्वतःच्या राज्याच्या सोयीसाठी केले हे उघड आहे. तथापि तलवारीने जे साधले नव्हते, ते वाटा देऊन बरेचसे साधले.

आता रान सोडून गावात येऊ. आपल्या भाषेत सर्वांच्या जागेसाठी किती शब्द आहेत! पार, चावडी, वेस, पाणवठा, गायरान, बारव, आड, मैदान. एके काळी ह्यांतील प्रत्येक जागी दिवसाच्या ठराविक वेळी माणसे असत. नळ आले, तशी बारवेवरची गर्दी ओसरली. नळ येणे चांगलेच झाले. परंतु बारवेकडे कोणी फिरकेना. प्रथम पायऱ्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजला. मग कोणी फुटके मडके टाकले, आणि ते कोणी उचलले नाही असे पाहून दुसऱ्याने केराची पाटी रिकामी केली. शेजारचा दिवा फुटला तो तसाच राहिला. काही दिवसांनी तेथे जुगाराचा डाव पडू लागला. मग आया मुलींना सांगू लागल्या, ‘त्या वाटेने येऊ नकोस, वळसा घालून ये.’ शाळेची वाट दुपटीने लांबली. कोणी तक्रार केली नाही, कारण तक्रार कोणाकडे करावी हेच ठाऊक नव्हते. वळसा घालणाऱ्या मुलीच्या पायांना मात्र त्या ओसाडीचे अंतर रोज मोजावे लागते.

अशी जागा पुन्हा हाती घेतली तर खरोखर काही फरक पडतो काय, की हे केवळ सदिच्छेचे बोलणे आहे? ह्याचा पडताळा अमेरिकेतील फिलाडेल्फिया ह्या शहरात फार काळजीपूर्वक घेण्यात आला. कारखाने बंद पडल्यामुळे त्या शहरात हजारो मोकळे भूखंड बेवारस पडले होते. गवत कमरेइतके वाढलेले, त्यात मोडकी चाके आणि कचरा. त्याच गवतात गुंड आपली पिस्तुले लपवून ठेवीत. संशोधकांनी ५४१ भूखंड निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील भूखंड साफ करून, माती सपाट करून तेथे हिरवळ व थोडी झाडे लावली. दुसऱ्या गटात केवळ केर काढला व गवत कापले. तिसऱ्या गटाला हातही लावला नाही, कारण तुलनेसाठी काही जागा होत्या तशाच असणे आवश्यक होते.

पहिल्या गटातील भूखंडांभोवती लाकडी कुंपण घातले, पण ते मुद्दाम बुटके ठेवले आणि त्यात आत जाण्यास वाट सोडली. उंच भिंत बांधली असती तर आत काय चालले आहे ते कोणाला दिसले नसते. बुटक्या कुंपणामुळे गाडीभर कचरा आणून टाकता येत नाही, पण आजीबाईंना मात्र आत जाऊन बसता येते. चांगले कुंपण कसे असावे ह्याचा हा नमुनाच होय! त्या शहरातील अशा भूखंडांची निगा राखण्याचे काम त्याच वस्त्यांतील मंडळींना मजुरी देऊन सोपविण्याची रीत आहे.

ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सुधारलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्या लोकांमध्ये घराबाहेर पडताना वाटणारी भीती सुमारे ५८ टक्क्यांनी घटली आणि मोकळ्या जागी बसण्या-बोलण्याचे प्रमाण सुमारे ७६ टक्क्यांनी वाढले. अतिशय गरीब वस्त्यांत बंदुकीच्या हिंसेचे प्रकार सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाले. गवत कापल्याने कोणाचे मन पालटते असा ह्याचा अर्थ नव्हे. पण लपविण्याची जागा गेली, बसण्याची जागा आली, आणि लोक एकमेकांना दिसू लागले. जेन जेकब्स ह्या लेखिकेने १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात हेच सांगितले होते. शहराच्या रस्त्याची खरी राखण पोलिसांपेक्षाही दुकानदार, शेजारी आणि खिडकीतून सहज बाहेर पाहणारी माणसे करतात, असे तिचे निरीक्षण होते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. जागा सुधारण्याच्या नावाखाली तेथील गरिबांना हुसकून लावणे हे पुष्कळ ठिकाणी घडते. भाजीवाली उठविली, पाल ठोकून राहिलेले कुटुंब हाकलले, सभोवार लोखंडी गज लावले आणि फाटकाला कुलूप घातले. बाग देखणी होते, पण सायंकाळनंतर ती पुन्हा ओसाडच. जिची नजर दिवसभर त्या जागेवर असे ती भाजीवालीच तेथे उरलेली नसते.

आणि जुन्या काळी सारे पाणवठे नांदते होते म्हणून ते सर्वांचे होते, असेही मानू नये. अस्पृश्य मानलेल्या लोकांना तेथे पाण्यास हात लावण्याची बंदी होती. महात्मा जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्या अनुयायांवर हल्ले झाले. गर्दीने गजबजलेल्या जागीही, जिथे काही माणसांना वाटाच नाकारलेला असतो, तिथे हिंसा दबा धरून असते, हे त्या दिवशी दिसले.

चांदवडलाच असा आणखी एक वाटा मागितला गेला, तो स्त्रियांनी. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेने येथे शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरविले. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या स्त्रियांची संख्या लाखाच्या घरात होती. त्यांतील कित्येकींनी त्याआधी तालुक्याची वेसही एकटीने ओलांडली नसेल. शेतात राबणाऱ्या ह्या स्त्रियांना चावडीवर, बाजारात किंवा सभेत भीतीवाचून उभे राहता येत नाही, हा प्रश्न तेथे उघडपणे बोलला गेला. संघटनेचे नेते शरद जोशी ह्यांची ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तिका ह्याच अधिवेशनातून आली. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ ह्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे केला. एखाद्या लहानशा गावी एवढ्या स्त्रिया मोकळ्या मैदानावर एकत्र बसलेल्या पाहून, मैदान कोणाचे असते ह्याबद्दलची पुष्कळांची समजूत त्या दोन दिवसांत बदलली असेल.

अलीकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी तरुण मंडळी जुन्या बारवांतील गाळ काढू लागली आहेत. झुडपे तोडावी, केर उपसावा, दबलेल्या पायऱ्या एकेक करून मोकळ्या कराव्यात, असे ते काम असते. महाशिवरात्रीला अशा कित्येक बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लावण्यात येतात. एका रात्रीचे दिवे सुंदर दिसतात ह्यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी तेथे कोण येणार हे गावाने ठरविले असेल, तरच पिंपळ पुन्हा रुजत नाही.

तुम्हांलाही आपल्या गावाची किंवा पेठेची अशी पाहणी करता येईल. कागदावर शाळेभोवतालच्या वाटांचा कच्चा नकाशा काढा. वर्गातील मुलींना, धाकट्या भावंडांना, घरातील आजी-आजोबांना विचारा, की कोणत्या ठिकाणी जाणे ते टाळतात आणि कोणत्या वेळी. तेवढ्या ठिकाणी फुल्या करा. मग सकाळी, दुपारी व तिन्हीसांजेला वडीलधाऱ्यांसह तेथे जाऊन कोण ये-जा करते, कोण बसते, काय विकले जाते, दिवा आहे की नाही, हे टिपून ठेवा. ज्या वाटांवर एकही फुली नाही तेथेही जा, आणि तेथे काय निराळे आहे ते पाहा. बहुधा एखादी पिठाची गिरणी सापडेल, एखादा सायकल दुरुस्त करणारा, किंवा ओट्यावर बसून शेंगा निवडणाऱ्या दोन म्हाताऱ्या. नकाशा पुरा झाला की तो शिक्षकांसह ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत नेऊन दाखवा. आणि जेथे फुल्या दाट पडल्या असतील, तेथील दिवा कधीपासून बंद आहे व तो लावणे कोणाच्या कामात येते, एवढे तेथेच विचारून घ्या.